खिशात दमडी नसलेला यात्रेकरू

मे महिना उजाडला की घराघरांत एकच विषय निघतो: यंदा सुट्टीत कुठे जायचे? कोणी सहल कंपन्यांची माहितीपत्रके गोळा करतो, कोणी गाडीचे आरक्षण कधी सुरू होते यावर डोळा ठेवून बसतो, तर कोणी वेलंकनीच्या यात्रेसाठी दहा-बारा कुटुंबांची जुळवाजुळव करतो. मग वहीत हिशेब मांडला जातो. गाडीभाडे, राहणे, खाणे, मुलांचे हट्ट, परतताना आणायच्या वस्तू... बेरीज झाली की अनेकांचा बेत वहीतच राहतो. कमी पैशांत, किंवा जमल्यास फुकटच, लांबचा प्रवास करता आला तर किती बरे, असे तेव्हा मनात येऊन जाते.

असा प्रवास पाचशे वर्षांपूर्वी एका माणसाने करून दाखवला. स्पेनहून तो जेरुसलेमला गेला आणि परत आला. भूमध्य समुद्र त्याने जाता-येता ओलांडला, इटली देश पायी तुडवला. आणि हे सारे करताना खिशात पैसे ठेवायचे नाहीत, हा त्याचा नियम होता. हा माणूस आपल्याला अपरिचित नाही. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला ते हेच. तपसाधनेच्या निमित्ताने त्यांचे नाव आपल्या कानावर अनेकदा पडते. परंतु उतारवयात सहकारी धर्मगुरूंच्या आग्रहावरून त्यांनी आपली जीवनकथा सांगितली, तेव्हा स्वतःला त्यांनी एकच नाव दिले होते: यात्रेकरू. सुट्टीच्या या दिवसांत त्यांच्या जीवनाची हीच बाजू आपण पाहू या.

मोडलेला पाय आणि नवा बेत

इग्नेशियस यांचा जन्म १४९१ साली स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रांतात, आस्पेइतिया गावाजवळच्या लोयोला येथील गढीत झाला. तेरा भावंडांत ते धाकटे. बाप्तिस्म्याचे नाव इनिगो. तरुणपणी तो राजाच्या खजिनदाराच्या घरी दरबारी रीतभात शिकला. झकपक कपडे, तलवार, मानपान आणि नावलौकिक यांतच त्याचे मन रमले होते. त्या काळी तो प्रवासाला निघे तो घोड्यावरून, कमरेला तलवार लावून.

२० मे १५२१ रोजी पाम्पलोनाच्या किल्ल्यात फ्रेंच सैन्याशी लढताना तोफेचा गोळा लागून त्याचा उजवा पाय मोडला आणि डावाही जखमी झाला. त्याला उचलून लोयोलाला आणण्यात आले. हाड वेडेवाकडे जुळले म्हणून पाय पुन्हा मोडून बसवला. तरीही हाडाचा एक तुकडा वर आलेला दिसू लागला. उंच, घट्ट बूट घातल्यावर तो वाईट दिसेल म्हणून इनिगोने तो करवतीने कापून घेतला. त्या काळात भूल देण्याची सोय नव्हती. एवढे करूनही तो आयुष्यभर थोडा लंगडतच चालला.

अंथरुणावर पडल्या पडल्या वेळ जाईना. शौर्यकथांची पुस्तके मागितली, तर ती घरात नव्हती. होती फक्त ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा. तीच तो वाचू लागला. वाचता वाचता त्याचे मन बदलले. ज्या वाटांवरून प्रभू येशू चालला त्या वाटा पाहायच्या, जेरुसलेमला जायचे, आणि तेही अनवाणी, असा बेत त्याच्या मनात पक्का झाला. ज्याचा पाय नुकताच मोडला होता त्याने हा बेत केला हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

एकेक ओझे खाली

१५२२ च्या सुरुवातीला तो खेचरावर बसून घराबाहेर पडला. वाटेत त्याने आपल्या जुन्या मालकाकडून राहिलेले वेतन मागून घेतले. पण ते खर्चासाठी नव्हे. ज्यांचे त्याच्यावर उपकार होते त्यांना त्यातले पैसे दिले आणि उरलेल्या पैशांतून पवित्र मरियामातेच्या एका जीर्ण प्रतिमेच्या दुरुस्तीची सोय केली.

मार्च महिन्यात तो मोन्सेरातच्या डोंगरावरील मठात पोहोचला. तिथे तीन दिवस घेऊन त्याने आपल्या आयुष्याचे पापनिवेदन केले. खेचर मठाला देऊन टाकले. तलवार आणि कट्यार मरियामातेच्या वेदीजवळ ठेवली. आपले भारी कपडे एका भिकाऱ्याला दिले, अंगावर गोणपाटाचा झगा चढवला, हातात काठी आणि पाण्यासाठी भोपळा घेतला. दुखऱ्या पायात तेवढी सुतळीची चप्पल घातली. मरियामातेला देवदूताचा निरोप मिळाल्याच्या सणाची, म्हणजे २५ मार्चची, आदली रात्र त्याने वेदीसमोर जागून काढली.

पहाटे तो निघाला, तेवढ्यात एक माणूस धावत आला. तुम्ही खरेच त्या भिकाऱ्याला कपडे दिलेत का, असे तो विचारू लागला. इतके उंची कपडे भिकाऱ्याजवळ कुठून आले, म्हणून लोकांनी त्याला चोर ठरवले होते. इनिगोच्या डोळ्यांत पाणी आले. आपण दान केले, पण त्याचा त्रास भलत्यालाच भोगावा लागला, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. पुढे जेरुसलेममध्ये हाच धडा त्याला मोठ्या रूपात शिकावा लागणार होता.

तिथून जवळच्या मान्रेसा गावात तो थोडे दिवस थांबावे म्हणून गेला आणि जवळजवळ अकरा महिने राहिला. भीक मागून तो खाई, इस्पितळात रुग्णांची सेवा करी, तासन्‌तास प्रार्थना करी. तपसाधनेच्या ज्या पद्धतीचा लाभ आज जगभरचे भाविक घेतात, तिचा पाया मान्रेसा येथेच घातला गेला.

बाकावर ठेवलेली नाणी

१५२३ च्या वसंतात तो बार्सिलोना बंदरात आला. त्याला इटालियन येत नव्हते, लॅटिनही येत नव्हते. काही लोकांनी सोबतीला माणूस घेण्याचा आग्रह धरला. त्याने नकार दिला. सोबती असला की भूक लागल्यावर त्याच्याकडून खाण्याची अपेक्षा, पडल्यावर त्यानेच उचलावे ही अपेक्षा. ही सारी अपेक्षा आपण फक्त देवाकडून ठेवावी, असे त्याचे म्हणणे होते.

इटलीला जाणाऱ्या एका जहाजाच्या मालकाने त्याला फुकट न्यायचे कबूल केले. मात्र खाण्यासाठी टिकाऊ कडक भाकरी स्वतःची आणायची, अशी अट घातली. आता इनिगोला पेच पडला. सोबत शिधा घेतला तर देवावरचा विश्वास कुठे राहिला? त्याचे मन खाऊ लागले. शेवटी त्याने हा निर्णय आपले पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंवर सोपवला. त्यांनी सांगितले, लागेल तेवढे मागून घे आणि बरोबर ने. त्याने ते ऐकले आणि भाकरीसाठी घरोघर फिरला. एका बाईने कुठे निघालास असे विचारले, तेव्हा त्याने फक्त रोमचे नाव सांगितले. जेरुसलेमचे नाव घेतले तर आपल्याला त्याचा अभिमान वाटेल, ही त्याला भीती होती.

निघायच्या वेळी त्याच्याजवळ भिकेतली पाच-सहा किरकोळ नाणी उरली होती. भाकरीची सोय झाली होती, भाड्याची गरज नव्हती. ती नाणी त्याने समुद्रकिनाऱ्यावरच्या एका बाकावर ठेवली आणि तो जहाजावर चढला.

वारा जोराचा होता. पाच दिवस-रात्रीत जहाज इटलीतील गाएता बंदराला लागले. त्या वर्षी इटलीत प्लेग पसरला होता. गावांच्या वेशी परक्यांना बंद होत्या. फोंदी गावाबाहेर तो अशक्तपणाने पुढे चालू शकेना. त्या गावची मालकीण बाहेर आली असता त्याने तिला विनवले की, आपल्याला दुसरा रोग नाही, फक्त अशक्तपणा आहे. तिने त्याला आत घेतले. दोन दिवसांत बरा होऊन तो पुन्हा चालू लागला आणि झावळ्यांच्या रविवारी, २९ मार्च रोजी, रोममध्ये पोहोचला. पवित्र भूमीला जाण्यासाठी पोप आद्रियान सहावे यांची परवानगी आणि आशीर्वादही त्याला मिळाला.

रोममध्ये त्याला सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली: पैशाशिवाय जेरुसलेमचे जहाज मिळणे अशक्य आहे. कोणी दयाळू माणसांनी भाड्यासाठी सहा-सात सोन्याची नाणी त्याच्या हातावर ठेवली आणि त्याने ती घेतली. रोम सोडून दोन दिवस झाल्यावर त्याच्या लक्षात आले की, आपण ही नाणी भीतीपोटी घेतली आहेत. मग वाटेत जो गरीब भेटेल त्याला तो देत सुटला. व्हेनिसला पोहोचला तेव्हा त्या एका रात्रीपुरतीच चिल्लर उरली होती.

व्हेनिसच्या चौकात

व्हेनिसला जाणाऱ्यांना त्या दिवसांत आरोग्याचा दाखला लागत असे. त्याचे वाटेतले सोबती दाखला आणायला पादुआ शहराकडे निघाले. हा लंगडत मागे पडला. संध्याकाळी एका मोकळ्या शेतात एकटाच राहिला. तिथे प्रभू ख्रिस्ताने आपल्याला दर्शन देऊन धीर दिला, असे त्याने पुढे सांगितले. दुसऱ्या दिवशी पादुआच्या वेशीवर शिपायांनी त्याला काहीच विचारले नाही. व्हेनिसला नावेत पहारेकरी चढले, त्यांनी प्रत्येकाची तपासणी केली आणि नेमके यालाच वगळले.

व्हेनिस हे त्या काळचे श्रीमंत शहर. इनिगो तिथे भीक मागून खाई आणि संत मार्क यांच्या नावाच्या प्रसिद्ध चौकात रात्री झोपे. सम्राटाच्या वकिलाच्या घरी गेला असता तर त्याची सोय झाली असती, कारण त्याचे कूळ मोठे होते. पण तो गेला नाही. पुढे एका धनवान स्पॅनिश माणसाने त्याला घरी नेले. पंगतीत इनिगो फारसा बोलत नसे. दुसऱ्यांचे ऐकून घेई आणि जेवण संपले की त्याच बोलण्याचा धागा धरून देवाविषयी सांगे. त्या कुटुंबाचा त्याच्यावर जीव जडला. यजमान त्याला थेट व्हेनिसच्या शासकाकडे घेऊन गेला. आंद्रेआ ग्रित्ती त्याच वर्षी त्या गादीवर आले होते. त्यांनी सायप्रस बेटावर अधिकाऱ्यांना नेणाऱ्या सरकारी जहाजावर त्याला जागा देण्याचा हुकूम दिला.

ते वर्ष यात्रेसाठी फार वाईट होते. ऱ्होड्स बेट नुकतेच तुर्कांच्या हाती गेले होते. भीतीने कितीतरी यात्रेकरू घरी परतले होते. त्यातच निघायच्या दिवशी इनिगो तापाने फणफणला होता. वैद्याने सांगितले की, याला समुद्रातच पुरून घ्यायचे असेल तर खुशाल जहाजावर चढावे. तो चढला. जहाजावर त्याला उलट्या झाल्या आणि त्यातूनच तो बरा होऊ लागला.

१४ जुलै १५२३ रोजी जहाज निघाले. जहाजावरच्या काही लोकांचे वागणे अश्लील होते. फुकट बसलेला प्रवासी अशा वेळी गप्प बसतो. इनिगोने त्यांना उघड सुनावले. चिडलेल्या खलाशांनी त्याला एखाद्या निर्जन बेटावर सोडून देण्याचा कट केला. पण बेटाजवळ जाताच वाऱ्याने जहाज दूर नेले. सायप्रसहून यात्रेकरूंच्या जहाजाने तो याफा बंदरात आला आणि ४ सप्टेंबर १५२३ रोजी त्याला जेरुसलेमचे दर्शन झाले.

जेथे पैशाचा प्रश्न सुटला नाही

इनिगो इथे चार दिवस पाहून परत जाण्यासाठी आला नव्हता. पवित्र स्थळांजवळच राहायचे, लोकांची सेवा करायची आणि तिथेच मरायचे, हा त्याचा ठाम निश्चय होता. पवित्र स्थळांची व्यवस्था फ्रान्सिस्कन धर्मबंधू पाहत होते. त्यांच्या प्रमुखांना त्याने आपली इच्छा सांगितली. ते म्हणाले की, मठात आम्हा बंधूंनाच पुरेसे खायला नाही. इनिगो उत्तरला की, आपल्याला मठाकडून काहीच नको. अधूनमधून पापनिवेदन ऐकले तरी पुरे.

मग त्यांचे प्रांतिक अधिकारी बेथलेहेमहून आले. त्यांनी त्याला जवळ बसवून शांतपणे समजावले. अशी इच्छा पूर्वी अनेकांनी धरली होती. त्यांपैकी काही मेले, काही कैद झाले. आणि कैद झालेल्यांना सोडवण्यासाठी खंडणी भरावी लागली ती या गरीब मठाला. तेव्हा त्याने दुसऱ्याच दिवशी इतर यात्रेकरूंबरोबर निघावे. इनिगो हटून बसला. तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितले की, न ऐकणाऱ्याला ख्रिस्तसभेतून बहिष्कृत करण्याचा अधिकार पोपमहोदयांनी आपल्याला दिला आहे. त्याची पत्रेही आपण दाखवू शकतो. इनिगोने पत्रे पाहण्यास नकार दिला. त्यांचा शब्द पुरेसा आहे, आपण आज्ञा पाळू, असे तो म्हणाला.

ज्यासाठी त्याने घरदार, खेचर, तलवार, कपडे, अगदी शेवटची नाणी सोडली, ती गोष्ट हाती येऊन निसटली. आणि कारण काय? तर खर्च! त्याच्या स्वतःच्या गरजांना पैसे लागत नव्हते हे खरे; पण तो पकडला गेला असता तर त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागली असती. मोन्सेरातच्या भिकाऱ्याने जे त्याला शिकवले होते तेच इथे पुन्हा समोर आले. आपण फुकट प्रवास करतो तेव्हा त्याचा भार कोणीतरी उचलत असतो. तो कोण उचलतो हे पाहण्याची जबाबदारी प्रवाशाची असते.

निघण्यापूर्वी तो कोणालाही न सांगता एकटाच जैतुनाच्या डोंगरावर गेला. प्रभू येशू स्वर्गात गेला तेव्हा त्याच्या पावलांचे ठसे जिथे उमटले असे भाविक मानतात, ती शिळा त्याला पाहायची होती. पहारेकऱ्यांनी आत सोडावे म्हणून त्याने त्यांना आपला छोटा चाकू दिला. परत फिरल्यावर आठवले की, उजवे पाऊल कुठल्या बाजूला आणि डावे कुठल्या, हे नीट पाहायचे राहिलेच. तो पुन्हा वर गेला आणि या वेळी आपली कात्री देऊन टाकली. मठातला एक सेवक त्याला शोधत आला होता. त्याने काठी उगारून, दंडाला धरून त्याला खाली आणले. २३ सप्टेंबरला जेरुसलेम सोडावे लागले. तीन आठवडेही त्याच्या वाट्याला आले नाहीत.

परतीची वाट

सायप्रसला परतीची तीन जहाजे उभी होती: एक तुर्कांचे, एक व्हेनिसचे मोठे आणि श्रीमंत, आणि एक लहान, जुने. मोठ्या जहाजाच्या कप्तानाला लोकांनी विनवले की, हा साधुपुरुष आहे, याला न्या. कप्तान म्हणाला, साधुपुरुष असेल तर संत याकोब जसा समुद्र ओलांडून गेला तसा जाऊ दे. लहान जहाजाने मात्र त्याला घेतले. पुढे वादळ झाले. तुर्कांचे जहाज माणसांसकट बुडाले, मोठे जहाज सायप्रसजवळच फुटले, त्यातली माणसे तेवढी वाचली. आणि लहान जहाज हाल सोसत इटलीला लागले.

१५२४ च्या जानेवारीत, भर हिवाळ्यात, तो व्हेनिसला पोहोचला. पाय गुडघ्याखाली उघडे, सदरा खांद्यावर फाटलेला. कोणीतरी पंधरा-सोळा चांदीची नाणी आणि एक कापड दिले. ते कापड त्याने पोटाशी गुंडाळून घेतले. फेरारा शहरातील मुख्य मंदिरात प्रार्थना करताना एका भिकाऱ्याने हात पसरला. त्याला एक नाणे दिले, तर दुसरा आला. त्यालाही दिले, मग तिसरा. बातमी पसरली आणि भिकाऱ्यांची रांग लागली. सगळी नाणी संपल्यावर इनिगोने उरलेल्यांची क्षमा मागितली, कारण आता त्याच्याजवळ काहीच नव्हते.

तिथून जिनोवाला जाताना फ्रेंच आणि स्पॅनिश सैन्याच्या मधून वाट काढावी लागली. स्पॅनिश सैनिकांनी, म्हणजे त्याच्याच देशबांधवांनी, त्याला हेर समजून पकडले आणि कपडे उतरवून झडती घेतली. शेवटी कप्तानाने वेडा ठरवून हाकलून दिले. पुढे शत्रूच्या, फ्रेंच सैन्याच्या तावडीत सापडला, तर तिथल्या कप्तानाने विचारपूस करून त्याला जेवू घातले. तो कप्तान बास्क प्रांताच्या जवळपासचाच निघाला. जिनोवाला एका ओळखीच्या बास्क अधिकाऱ्याच्या मदतीने जहाज मिळाले आणि तो बार्सिलोनाला परतला.

सुट्टीतली भिक्षा

आता काय करायचे? लोकांना मदत करायची तर शिकले पाहिजे, असे त्याने ठरवले. तिशी ओलांडलेला हा माणूस लहान मुलांबरोबर बाकावर बसून लॅटिनचे व्याकरण घोकू लागला. पुढे आल्काला, सालामांका आणि अखेर पॅरिस. २ फेब्रुवारी १५२८ रोजी तो एकटा चालत पॅरिसला पोहोचला. पॅरिसमध्येच त्याचे इग्नेशियस हे नाव रूढ झाले, आणि आपणही आता त्यांना त्याच नावाने संबोधू.

पॅरिसमध्ये शिक्षणासाठी त्यांना बार्सिलोनाहून थोडी रक्कम मिळाली होती. ती त्यांनी सोबत राहणाऱ्या एका स्पॅनिश विद्यार्थ्याकडे विश्वासाने ठेवायला दिली. त्याने ती उडवली. इग्नेशियस यांना खोली सोडून गरिबांच्या आश्रयगृहात जावे लागले. त्याचे दार उजाडल्यावर उघडे आणि संध्याकाळच्या घंटेपूर्वी बंद होई. कॉलेजचे वर्ग मात्र पहाटेच सुरू होत. शिवाय दिवसभर भीक मागायची, मग अभ्यास कधी करायचा?

तेव्हा एका धर्मबंधूने त्यांना सुचवले की, रोज भीक मागण्यापेक्षा वर्षातून एकदा फ्लँडर्सला जा, तिथल्या स्पॅनिश व्यापाऱ्यांकडून वर्षभराचे दान एकदम आणा. त्यांनी तसे केले. त्या वर्षांत ते सवड काढून फ्लँडर्सला जात. एकदा तर इंग्लंडपर्यंत गेले. आणलेल्या पैशांतून स्वतःचे शिक्षण होई आणि इतर गरीब विद्यार्थ्यांनाही मदत होई. जेरुसलेमला निघालेला इनिगो पैसा हातात राहू देत नव्हता. पॅरिसचे इग्नेशियस पैसा मागत होते, मोजत होते आणि योग्य ठिकाणी लावत होते. देवावरचा विश्वास तोच होता. त्याला आता व्यवहाराची जोड मिळाली होती.

याच काळात ज्याने त्यांचे पैसे उडवले होते, तो विद्यार्थी स्पेनला परतताना रुआँ शहरात आजारी पडला आणि त्याचे पत्र आले. पॅरिस ते रुआँ हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. इग्नेशियस अनवाणी, काहीही न खाता-पिता, तीन दिवस चालत गेले. पहिली रात्र त्यांनी आश्रयगृहात एका भिकाऱ्याशेजारी काढली, दुसरी गवताच्या गंजीत. रुआँला पोहोचून त्यांनी त्या आजाऱ्याला धीर दिला, त्याला स्पेनच्या जहाजात बसवून दिले आणि मित्रांच्या नावे शिफारसपत्रेही दिली. उडवलेल्या पैशांचा हिशेब मागण्यासाठी ते एवढे चालले नव्हते. त्यांच्या आयुष्यातील सर्व प्रवासांत मला हा प्रवास सर्वांत मोठा वाटतो.

गावी जाणे

पॅरिसमध्येच त्यांना पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर हे मित्र लाभले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी व्रत घेतले. गरिबीत राहायचे, जेरुसलेमला जायचे. आणि वर्षभर वाट पाहूनही जहाज मिळाले नाही, तर पोपमहोदय सांगतील ते काम करायचे. जुनी इच्छा मेली नव्हती. पण आता तिला आज्ञापालनाचे कुंपण होते.

१५३५ साली पोटाच्या दुखण्यासाठी वैद्यांनी त्यांना जन्मगावची हवा घेण्याचा सल्ला दिला. आपणही सुट्टीत गावी जातो, म्हणून ही हकिगत मुद्दाम सांगतो. लोयोलाच्या गढीत त्यांचा भाऊ वाट पाहत होता. इग्नेशियस तिथे राहायला गेले नाहीत. गावातल्या गरिबांच्या आश्रयगृहात उतरले आणि दारोदार भीक मागू लागले. रोज मुलांना ख्रिस्ती शिक्षण देऊ लागले. भाऊ म्हणाला, कोणी येणार नाही. ते म्हणाले, एक आला तरी पुरे. प्रत्यक्षात मोठी माणसेही येऊ लागली, त्यात तो भाऊही होता. गावातल्या गरिबांना नियमित मदत मिळावी अशी व्यवस्था त्यांनी गावकऱ्यांकडून करवून घेतली. सुमारे तीन महिन्यांच्या मुक्कामात त्यांनी गावाला किती दिले, आणि गावाकडून घेतली ती रोजची भाकरी.

१५३७ साली सर्व मित्र व्हेनिसला जमले. जेरुसलेमच्या प्रवासासाठी पोपमहोदयांनी आणि इतरांनी त्यांना मोठी रक्कम दिली होती. पण तुर्कांशी युद्धाची चिन्हे असल्याने त्या वर्षी यात्रेचे एकही जहाज निघाले नाही. वाट पाहण्याची मुदत संपली. तेव्हा या मित्रांनी काय करावे? ज्यांनी ज्यांनी पैसे दिले होते त्यांना ते परत केले! प्रवासासाठी मिळालेले दान प्रवासच झाला नाही म्हणून परत करणारे यात्रेकरू विरळाच.

ठरल्याप्रमाणे ते पोपमहोदयांकडे गेले. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप पॉल तिसरे यांनी येशूसंघाला मान्यता दिली. त्यानंतर जो माणूस युरोपभर चालला, तो रोममधल्या काही लहान खोल्यांत स्थिरावला. पंधरा वर्षे त्यांनी पत्रे लिहिली. त्यांची हजारो पत्रे आजही उपलब्ध आहेत. प्रवास आता इतर करत होते. त्यांचा जिवलग मित्र फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला, वसईलाही येऊन गेला. दोघे मित्र पुन्हा कधी भेटले नाहीत. ३१ जुलै १५५६ च्या पहाटे इग्नेशियस यांनी रोममध्ये देह ठेवला. जेरुसलेमचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही. १२ मार्च १६२२ रोजी फ्रान्सिस झेवियर यांच्यासोबतच त्यांना संतपद बहाल झाले.

आपल्या संघाच्या नियमावलीत त्यांनी एक गोष्ट मुद्दाम घातली. येशूसंघात येणाऱ्या तरुणाने एक महिना पैसे न घेता, भिक्षा मागत यात्रा करावी. म्हणजे वाईट खाणे आणि वाईट झोपणे याची त्याला सवय होईल आणि सारा भरवसा देवावर ठेवायला तो शिकेल. लोयोलापासून मान्रेसापर्यंत त्यांचा जो मार्ग होता, तो आता यात्रेकरूंसाठी आखलेला आहे. सुमारे साडेसहाशे किलोमीटरच्या त्या वाटेवर आज अनेक देशांचे लोक पायी चालतात.

आपली सुट्टी

आपल्यापैकी कोणी लेकराबाळांना घेऊन, खिशात पैसे न ठेवता प्रवासाला निघावे, असे कोणी म्हणणार नाही. बार्सिलोनाच्या धर्मगुरूंनीही इनिगोला भाकरी बरोबर घ्यायला लावली होती. पण काही गोष्टी आपल्यालाही जमण्यासारख्या आहेत. जवळच्या एखाद्या तीर्थस्थळी घरातल्या सर्वांनी गाडी न करता, पहाटे उठून चालत जावे. मुलांच्या ते कायम लक्षात राहील. गावी गेलो तर नुसते पाहुणे न होता तिथल्या एखाद्या एकट्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी करावी. नातेवाइकांकडे फुकट मुक्काम करताना त्या घरच्या बाईवर किती भार पडतो, याचा हिशेब आधी करावा आणि तो भार थोडा आपल्या हातांनी हलका करावा. आणि ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे, ज्याने आपले पैसे बुडवले आहेत, असा एखादा माणूस आजारी असेल तर त्याच्या घरापर्यंतचा प्रवास करून पाहावा. त्याला भाडे फार पडत नाही, पण तो प्रवास लांबचा असतो. रुआँच्या वाटेवरून गेलेला आपला यात्रेकरू त्या वाटेवर आपल्या सोबतीला असेल.

येत्या ३१ जुलैला आपण संत इग्नेशियस यांचा सण साजरा करू. तोपर्यंत सुट्टी संपलेली असेल. कुठे जाऊन आलात, असे तेव्हा कोणी विचारले, तर सांगण्यासारखे काहीतरी आपल्याजवळ असो.